भिवा खाली येईपर्यंत

भालचंद्र राजूरकर दवाखान्यातून घरी यायचे होते, त्याच्या आदल्या सकाळी रजनीबाईंनी त्यांचा जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला देऊन टाकला. खिडकीजवळ पलंग टाकायचा होता आणि खिडकीजवळच तो पिवळा पडलेला डबा ठाण मांडून बसला होता. टेबलाच्या खणात एक सीडी होती, तीही त्याच पोत्यात गेली. रजनीबाईंनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं होतं. उत्तर दिसलं की मधल्या पायऱ्या त्यांना सोसवत नसत.

घरी आल्यावर भालचंद्रांनी पलंगावर पडल्या पडल्या भिंतीकडे पाहिलं. कॉम्प्युटरच्या मागे रंग कोरा राहिला होता, त्याचा एक चौकोन उमटला होता. त्या चौकोनाकडे बघत राहिले. रागावले असते तर बाईंनी दोन शब्द सुनावून मोकळं केलं असतं. पण हा माणूस रागावतच नाही, हीच बाईंची लग्नापासूनची तक्रार.

अर्धांगाचा झटका सौम्य आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. चालणं जवळजवळ पूर्वीसारखं, बोलणं उशिरा पण बरोबर. राहिला होता तो उजवा हात. तो मांडीवर पडून असायचा, परक्याचा ठेवायला दिलेला असावा तसा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी रबरी चेंडू दिला. भालचंद्रांनी तो डाव्या हातानं उचलला आणि "छान आहे" म्हणून परत केला.

"बाई, व्यायाम म्हणून हा हात हलायचा नाही," त्या ताई दारात चपला घालताना म्हणाल्या. "त्याला आवडीचं काम द्या. आणि आत्ताच द्या. हे सुरुवातीचे महिने गेले की मग मी रोज आले तरी उपयोग नाही."

आवडीचं काम! ते तर पोत्यात घालून, भंगाराच्या गाड्यावर बसून गेलं होतं.

आता हे भालचंद्र राजूरकर कोण, ते सांगायला हवं, कारण जालन्यात त्यांच्या गल्लीबाहेर त्यांना फारसं कुणी ओळखत नाही. वीज मंडळात ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागले, एक पायरी चढले आणि तिथूनच निवृत्त झाले. घनसावंगी, आष्टी, जाफराबाद, पुन्हा घनसावंगी अशा बदल्या झाल्या. कुठे हार नाही, कुठे मोर्चा नाही. नाही म्हणायला एकदा मोर्चा आला होता, पण तो पुढे येईल. सिगारेट नाही, पत्ते नाहीत, मित्रांचं टोळकं नाही. छंद एकच, आणि तोही मुलीनं टाकून दिलेला.

मुलगी कल्याणी तेव्हाच्या औरंगाबादला इंजिनिअरिंगला होती. सुट्टीत येताना तिनं एका खेळाची सीडी आणली आणि आठवड्यात कंटाळून ठेवून दिली. ती भालचंद्रांनी उचलली. वरून दिसणारा एक मुलूख, त्यावर चौकटी, आणि त्यात आपली सहा माणसं. एकेकाला हलवायचं, कुणाला भिंतीआड, कुणाला झाडामागे. सगळे हलवून झाले की 'डाव संपला' असं बटण दाबायचं, मगच शत्रू हलणार. तोवर त्यानं गप उभं राहायचं, मग तुम्ही जेवून या नाहीतर झोपून उठा. भालचंद्रांनी त्या सहा जणांची इंग्रजी नावं पुसून आपल्या हाताखालच्या लाइनमनची नावं घातली होती. भिवा, रामप्रसाद, धर्मराज, असे सगळे हातात बंदुका घेऊन कुठल्याशा परदेशी जंगलात दबा धरून बसायचे.

रजनीबाईंना त्या खेळाची चीड होती.

"अहो, एका माणसाला झाडामागून भिंतीमागे न्यायला अर्धा तास?"

"घाई काय आहे? माझं झाल्याशिवाय समोरचा हलत नाही."

"समोरचा कोण?"

"कॉम्प्युटर."

"मग त्याला तरी कंटाळा येत असेल हो!"

एवढ्यावर भालचंद्र हसायचे आणि पुन्हा भिंतीचा अंदाज घ्यायला लागायचे. उरलेली नोकरी आणि नंतरची निवृत्ती या एकाच खेळावर निघाली. आणि आता तोच नव्हता.

बाई चूक धरून बसणाऱ्यांतल्या नव्हेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडा हिंडवणाऱ्या त्या भंगारवाल्याला गाठलं. तो डबा केव्हाच फुटून तांबं वेगळं आणि पत्रा वेगळा झाला होता. मग त्यांनी कल्याणीला फोन केला. कल्याणीनं पुण्याहून नवा लॅपटॉप पाठवला आणि तोच जुना खेळ कुठूनसा शोधून त्यात घालूनही दिला. पण नव्या यंत्राला तो काही केल्या पचेना. काळी खिडकी उघडायची आणि डोळा मारल्यासारखी बंद व्हायची.

मग बाई शीतलकडे गेल्या. बसस्टँडजवळ शीतलचं दुकान आहे. फॉर्म भरणं, झेरॉक्स, लॅपटॉपची दुरुस्ती, सगळं एका टेबलावर चालतं. दोन लेकरांची आई, आणि बाईंची शाळेतली विद्यार्थिनी. गणितात काठावर पास झालेली, हे बाईंनी अजून विसरलेलं नाही आणि तिनंही नाही.

"काकू, हा जुना न्हाई चालायचा. त्याच्यासारखा दुसरा बघू. कसा होता सांगा."

"सैनिक असतात. वरून दिसतात. मुंगीच्या पावलानं चालतात."

"अजून?"

"अजून काय? मी कुठे बसले होते खेळायला! सैनिकांचा दे एखादा."

शीतलनं सैनिकांचा दिला. चित्रं अशी की सैनिकाच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसावा. भालचंद्र खुर्चीत बसले. बाईंनी त्यांचा उजवा हात उचलून माउसवर ठेवला. बोटं हलली, खरंच हलली! तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात लाल आकडे उलटे पळायला लागले. खेळाडूनं लवकर ठरवावं म्हणून नव्या खेळांत घड्याळ लावतात म्हणे. भालचंद्रांनी आकड्यांकडे पाहिलं आणि हात काढून घेतला.

"अहो, तो डावीकडचा हलवा! वेळ जातोय!" म्हणत बाईंनी स्वतःच माउस धरला आणि डावीकडच्याला थेट गोळीच्या तोंडी दिला. तो पडला. भालचंद्र उठून पलंगावर जाऊन पडले.

"घड्याळाचा नको," बाईंनी शीतलला बजावलं.

मग बुद्धिबळ आणलं. त्यात घाई नाही, डावामागून डाव, आणि घरंदाज खेळ. भालचंद्र चार खेळ्या खेळले. पाचवीला एक प्यादं दिलं तर पुढे वजीर मिळत होता, हे बाईंनासुद्धा दिसलं. भालचंद्रांनाही दिसलंच असणार. ते त्या प्याद्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "नको."

त्यानंतर राजे-महाराजांचा एक खेळ आला. किल्ले, घोडदळ, शेतात पीक येतं, पिकावर फौज वाढते. शंभर मेले तर शंभर नवे उभे करता येतात. बाईंना तो फार आवडला. त्यांनी एका दुपारात शेजारचं राज्य बुडवलं. भालचंद्रांनी शेजारी बसून सगळं पाहिलं आणि शेवटी विचारलं, "यांना नावं..." पुढचा शब्द येईना.

"नावं ठेवण्यासारखं काय आहे त्यात? चांगला तर आहे खेळ!"

भालचंद्रांनी मान हलवली. त्यांना ते म्हणायचं नव्हतं. झटका आल्यापासून बाई त्यांची वाक्यं पुरी करत होत्या, आणि दहातली आठ चुकीची पुरी होत होती. शर्टाचं बटणही त्याच लावत, घासही त्याच कालवून देत. प्रेमानंच, त्यात शंका नको. पण त्या प्रेमाला बसायला उसंत नव्हती.

"नको का, ते तर सांगा! सांगाल तर शोधीन ना!" बाईंचा आवाज चढला आणि चढता चढता फाटला. भालचंद्रांनी डावा हात त्यांच्या हातावर ठेवला. उजवा तसाच मांडीवर. महिने चालले होते.

अशा दिवसांत आष्टीहून साहेबराव आला. सबस्टेशनवर ऑपरेटर होता, भालचंद्रांच्या हाताखाली वाढलेला. आता तोही निवृत्त. डोळे तपासायला जालन्याला आला होता, आणि साहेबांना भेटल्याशिवाय जायचं नाही म्हणून पिशवीभर तुरीच्या शेंगा घेऊन दारात उभा.

"साहेब, वळखलं का?"

"साहेब... राव," भालचंद्र म्हणाले. दोन्ही तुकडे अगदी स्वच्छ.

"बघा! मला साहेब म्हणून राह्यले! निस्तं पडून राहायला मिळालं की माणूस सुधरतंय." साहेबराव खाली बसला आणि बसल्या बसल्या शेंगा सोलायला लागला. टेबलावर लॅपटॉप उघडा होता, राज्य बुडवलेला. "हे काय बाई? साहेबांचा त्यो खेळ का? भिवाला बंदूक दिल्ती त्यो?"

"तो गेला," बाई म्हणाल्या. "दुसरा शोधतेय, पण यांना एकही पसंत नाही."

"न्हाईच पसंत पडायचा. साहेबाला पसंत पडायला लई टाइम लागतो. धोंड्याचं ठाऊक हाय ना तुम्हाला?"

बाईंना त्यांच्या बाजूनं ठाऊक होतं. अधिक महिना होता, उन्हाळा होता आणि रात्रीचं जेवण झाकून झाकून आंबलं होतं. पण साहेबराव सांगायला लागला की थांबत नाही.

घनसावंगीची गोष्ट. लाइनमन खांबावर चढताना सबस्टेशनमधून परमिट घेतो, म्हणजे लाइन बंद केल्याचा कागद. तो खाली उतरून, येऊन, कागद परत देईपर्यंत लाइन चालू करायची नाही. नियम सगळीकडे हाच. पण माणसं घाईत असतात, फोन करतात, निरोप देतात, 'उतरला हो तो' म्हणतात, आणि कुणीतरी बटण दाबतो. भिवा त्या दिवशी सकाळी परमिट घेऊन गेला तो नेमका सासुरवाडीच्या गावाला. तार जोडली, खाली उतरला, तर सासूबाई खांबाखालीच उभ्या. अधिक महिन्यात जावई दाराशी आलेला, सोडतात होय? धोंडे, तूप, वर नवं धोतर. पोटभर जेवून भिवा मेहुण्याच्या माडीवर झोपला. परमिट खिशात.

"इकडं सगळ्या फिडरची, म्हंजी त्या लाइनीवरच्या समद्या गावांची लाइट बंद," साहेबराव म्हणाला. "ऊस वाळून चालला, मोटारी बंद. दुपारपस्तोर माणसं आली ना सबस्टेशनवर, दोन ट्रॅक्टर भरून. लाइट द्या, न्हाई तर फोडतो. एकजण म्हणला, म्या भिवाला माझ्या डोळ्यानं उतरताना पाह्यलं. साहेब म्हणले, तुम्ही पाह्यलं, बराबर हाय. पण त्यानं मला सांगितलं न्हाई. वरून फोन आला. साहेबानं त्यालाबी तेच सांगितलं. म्या म्हणलो, साहेब, जल्दी करा, मार खाताल. तर म्हणले, साहेबराव, तू बाहेर जाऊन समद्यांला पाणी पाज."

"आणि भिवा?"

"आला की दिवस कलल्यावर! नवं धोतर नेसून, डोळे चोळीत. त्याला वाटलं, आपलं लगीनच हाय, एवढी गर्दी!"

साहेबराव हसून हसून आडवा झाला. भालचंद्रही हसत होते, तोंडाची एक बाजू थोडी मागे राहून. बाई मात्र हसत नव्हत्या. सोललेली शेंग त्यांच्या हातात तशीच होती.

"मंग साहेबानं त्याला एक शब्द बोलला न्हाई," साहेबराव डोळे पुसत म्हणाला. "कागद घेतला, त्याला वरपासून खालपस्तोर पाह्यलं, आन् मला म्हणले, कर चालू."

साहेबराव संध्याकाळच्या बसनं गेला. बाई तशाच चपला घालून शीतलच्या दुकानात. दुकान बंद व्हायच्या बेतात होतं.

"शीतल, आपण चुकीचं शोधत होतो. सैनिक नकोत, राजे नकोत. जिंकायचं कुणाला आहे? यांनी त्या खेळात एकही लढाई शेवटपर्यंत लढलेली नसणार. माणसं चार पावलं पुढे न्यायची आणि धोका दिसला की सगळी परत आणायची, एवढंच चालायचं त्यांचं, मला आत्ता कळतंय. थोडी माणसं पाहिजेत. नाव देता येईल अशी. आणि त्यांना सुखरूप परत आणता आलं पाहिजे. असं काही असतं का तुमच्या त्या जगात?"

शीतलनं ओढत आणलेलं शटर पुन्हा वर ढकललं. "असं आधी सांगायचं ना, काकू! तुम्हीच शिकवलं न्हाई का आम्हाला, आधी उदाहरण पुरतं वाचा म्हणून?"

"वाचाळपणा पुरे. शोध."

लढायांच्या खेळांत ते नव्हतं. शीतलनं बराच वेळ खाली खाली जात एक काढला, तो आगीच्या बंबवाल्यांचा. जळणारी इमारत वरून कापल्यासारखी दिसते, चौकटी असतात, आत पाच जवान पाठवायचे. प्रत्येकाला ठरावीक पावलं. सगळे हलवून झाले की डाव संपवायचा, मगच आग एक चौकट पुढे सरकते. घड्याळ नाही. जवानांची नावं आपण घालायची. आणि कधीही, कुठल्याही क्षणी, सगळ्यांना बाहेर बोलावता येतं.

दुसऱ्या सकाळी बाईंनी लॅपटॉप टेबलावर मांडला आणि काही न बोलता बाजूला बसल्या. हे लिहायला सोपं आहे. ज्यांनी बाईंना वर्गात पाहिलंय त्यांना विचारा, काही न बोलता बसणं म्हणजे काय ते.

भालचंद्रांनी आधी नुसतं पाहिलं. पहिल्या जवानाचं नाव कुठलंसं परदेशी होतं. त्यांनी ते पुसलं आणि उजवा हात मांडीवरून उचलला. स्वतः उचलला. तो हवेत थोडा भरकटला, मग कीबोर्डवर पडला. एक बोट बाहेर निघालं. बी. मग बराच वेळ काही नाही. बाईंचा हात टेबलावर पुढे आला होता. एच तर हा इथे, समोर, नाकासमोर! त्यांनी तो हात ओढून मांडीखाली घेतला आणि त्यावर बसल्या. दारातून दूधवाल्यानं हाक मारली, ती सोडली. बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होईना, तो आवाज ऐकत राहिल्या. एच आला. आय आला. व्ही चुकला, पुसला, पुन्हा आला. भिवा पडद्यावर उभा राहिला तेव्हा भालचंद्रांच्या कपाळावर घाम होता आणि बाईंचा हात बधिर झाला होता.

पाचही नावं लिहायला दुपार झाली. आग संध्याकाळी लागली, म्हणजे त्यांनी लावून घेतली. भिवा जिन्यानं वर गेला. रामप्रसाद दाराशी थांबला. भालचंद्र एकेकाला एकच चौकट नेत होते आणि प्रत्येक वेळी माउसवरचा हात थरथरत थांबायचा, पुन्हा निघायचा. दुसऱ्या मजल्यावर धूर दाटला. अजून एका खोलीत जायला हवं होतं, तिथे कुणा कंपनीची तिजोरी होती आणि ती वाचवली तरच बक्षीस होतं. भालचंद्रांनी खोलीचं दार पाहिलं, धूर पाहिला, भिवाला पाहिलं. मग सगळ्यांना बाहेर काढलं. एक, दोन, सगळे अंगणात. इमारत कोसळली. पडद्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत आलं, मोहीम फसली.

"फसली!" बाईंच्या तोंडून गेलंच. "एवढी तिजोरी..."

"जळू दे," भालचंद्र म्हणाले. दोन शब्द, एका दमात, कुणी पुरे न करता.

बाईंनी पदरानं त्यांचा उजवा हात पुसला. गरम होता, घामानं ओला होता. त्यांनी तो सोडला नाही आणि भालचंद्रांनीही काढून घेतला नाही. बोटांनी बाईंचा अंगठा धरला होता, हलकाच, पण धरला होता. डॉक्टरांना सांगण्यासारखं होतं ते. बाईंनी कुणाला सांगितलं नाही.

मग भालचंद्रांनी नवी इमारत उघडली. पुन्हा पाच जण दाराशी उभे. त्यांनी माउस बाईंकडे सरकवला.

"आता तू."

"मी? मला काय येतंय त्यातलं? मी सगळ्यांना जाळून टाकीन."

"नाही... टाकणार."

बाईंनी माउस हातात घेतला. पाच माणसं, नावासकट, त्यांच्या तोंडाकडे बघत उभी. दार डावीकडे की उजवीकडे, खिडकी उघडली तर आग वाढते की धूर कमी होतो, जिना जळतोय तो आपल्या बाजूचा की मागचा, काही उमजेना. कुणाला आधी पाठवायचं? ज्याला पाठवू तो जळाला तर? जन्मभर फळ्यावर उत्तर मागितल्याबरोबर देणारी ती बाई चष्मा वर करून, खाली करून पडद्याकडे बघत बसली. बाहेर दिवे लागले. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

भालचंद्र खुर्चीत मागे टेकून बसले होते. त्यांनी एकदाही हात पुढे केला नाही, एकदाही सांगितलं नाही. त्यांना सगळा वेळ होता.